भीती वाटते? बाई आहेत

“जो घाबरत नाही, त्याच्या हाती मी गाडी देत नाही,” असं ती एकदा म्हणाली, आणि त्या एका वाक्यापायी तिची वीसएक वर्षांची नोकरी गेली.

म्हणाली ती ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला. थोरले मालक असते तर त्यांनी हसून विषय बदलला असता. पण थोरले आता घरी बसले होते आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा आला होता. आल्या आल्या त्याने भिंतीवर एक तक्ता लावला: कोणता शिक्षक महिन्याला किती माणसं शिकवून बाहेर काढतो. त्यात तिची रेघ सगळ्यांत आखूड. त्या दिवशी तिने एका तरण्या गिऱ्हाइकाला गाडी बाजूला घ्यायला लावून भर रस्त्यात उतरवलं होतं. एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने केस सारखे करणं, असं चाललं होतं त्याचं. तो फी परत मागायला आला होता.

“बाई, गिऱ्हाईक घाबरत नाही, ही काय तक्रार झाली?” मालकाने विचारलं.

तेव्हा तिने ते वाक्य उच्चारलं. मालकाने तक्त्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हिशेब मिटवायचा म्हणून स्कूलची सगळ्यांत जुनी गाडी तिच्या नावावर करून तिला निरोप दिला. गाडीला दोन्ही बाजूंना ब्रेक होते. छपरावरची पाटी उतरवून घेतल्यामुळे टपावर भोकं राहिली होती. तिच्या नवऱ्याने ती मेण ओतून बुजवली. याच्या पलीकडे त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. तो आयुष्यात कधी चाकामागे बसला नव्हता आणि तिने त्याला कधी बस म्हटलं नव्हतं.

तिला ओळखीतले सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून इतकी वर्षं गेली होती की तिचा उजवा पाय स्वतंत्र विचार करू लागला होता. टीव्हीवर कुणी वेगाने जिना उतरू लागलं की तिचा पाय फरशीवर दाबला जाई. नवऱ्याने रागाच्या भरात काही बोलायला तोंड उघडलं की तसंच. “दाबलास ना ब्रेक?” तो विचारायचा. “दाबला. आता सावकाश बोला,” ती म्हणायची.

तिची शिकवायची पद्धत अशी: पहिल्या दिवशी गाडी हलवायचीच नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीत शिकणाऱ्याला चाकामागे बसवायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि म्हणायचं, “आज आपल्याला कुठंही जायचं नाही.” माणूस आधी अवघडून बसतो. मग आरसा हलवून बघतो. मग गिअरचा दांडा चाचपतो. मग, बहुतेक वेळा, बोलायला लागतो. मालकाला हे पटत नसे. “पेट्रोल जळलं नाही तर फी कशाची घेतली, असं गिऱ्हाईक विचारतं,” तो म्हणायचा. गिऱ्हाइकाने मात्र तसं कधी विचारलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती दोघं राहत. खिडकीतून खाली पाहिलं की मेणाच्या ठिपक्यांची गाडी दिसे. आणि ती दिवसचे दिवस जागची हलत नसे, कारण शिकायला कुणी येतच नव्हतं. गाडीची सरकारी तपासणी, जिला सगळे पासिंग म्हणतात, जवळ येत चालली होती. टायर घासून गोटा झाले होते, ब्रेकचं काम निघालं होतं. मालकाचा निरोप आला होता की पासिंगच्या भानगडीत पडू नका, गाडी आम्हालाच परत विका आणि काउंटरवर येऊन बसा, फॉर्म भरायचे, पावत्या फाडायच्या. “काउंटरवर बसून मी थांबवू कुणाला?” ती एवढंच म्हणाली. पण तिने नाही म्हटलं नव्हतं. नवराबायकोत ठरलं ते असं: पासिंगपर्यंत बघायचं. तोवर गाडीच्या खर्चापुरती माणसं जमली तर गाडी आपली आणि शिकवणंही आपलं. नाही जमली तर काउंटर.

जाहिरातीची कल्पना नवऱ्याची. जाहिरात हा त्याचा प्रांत होता.

एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या टेबलावर त्याने उमर काढली होती. तिथे शब्दाला पैसे पडत. माणसं आपलं हरवलेलं, मेलेलं, विकायला काढलेलं, सगळं एका कागदावर उतरवून आणत आणि तो पेन्सिल घेऊन त्यांचे पैसे वाचवत असे. “कृपया कशाला? कुत्रं सापडलं की ते आणून देणारच आहेत.” “‘अत्यंत दुःखद’ नको, निधन म्हटलं की दुःखद आलंच.” त्याला ऑफिसात कात्री म्हणत आणि त्याला त्याचा अभिमान होता. एकदा एक विधवा बाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचा मोठा मजकूर घेऊन आली होती. त्याने तो कापत कापत दोन ओळींवर आणला. बाईने कागद परत घेतला, वाचला आणि म्हणाली, “पैसे वाचले. आता हा कुणाचाही नवरा आहे.” तो हसला होता. ते वाक्य पुढे आपल्या अंगात काट्यासारखं राहील, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

“यांनी मला पसंतीसुद्धा एका शब्दात कळवली,” ती लोकांना सांगायची. “तोही शब्द कापता आला असता, पण मग कागद कोरा गेला असता.”

छोट्या जाहिराती आटल्या तसं ते टेबलही गेलं. आता जाहिरात नेटवर करतात, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. म्हणून त्याने लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात एका फर्निचरच्या कंपनीत हेच काम करत होती.

“सोपं आहे बाबा,” लेक म्हणाली. “माणूस सर्चमध्ये काहीतरी लिहून शोधतो. त्याचे शब्द आणि आपण देऊन ठेवलेले शब्द जुळले की आपली जाहिरात वर येते. दिसण्याचे पैसे नाहीत. त्याने बोट टेकवलं की पैसे.”

“मग ड्रायव्हिंग स्कूल हा शब्द दे.”

“तिथं बडी मंडळी बसलीत. एका बोटाला इतके मोजतात की आपल्याला नाकापेक्षा मोती जड व्हायचा. आपल्याकडे चिमूटभर पैसे आहेत ना? मग ज्या शब्दांकडे कुणाचं लक्ष नाही तेच घ्यायचे. आईकडे कोण येतं?”

“घाबरणारे.”

“झालं तर. ‘गाडी शिकायची भीती वाटते’. हे एवढंच घेऊ. फक्त आपल्या आसपासच्या भागात दाखवू. रोजची मर्यादा घालून ठेवते, ती संपली की जाहिरात त्या दिवसापुरती झोपी जाईल. फोनचं बटण ठेवते, थेट घरी फोन येईल. खातं तुमच्या फोनवरही उघडेल. आणि बाबा—”

“काय?”

“महिनाभर कशाला हात लावू नका. दुरून बघा फक्त.”

पहिल्या आठवड्यात एक फोन आला. बँकेत कॅशवर बसणारी एक बाई होती. हजारोंच्या नोटा न चुकता मोजते, पण गाडीत बसलं की ब्रेक कुठला तेच विसरते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती येऊन उभ्या गाडीत बसली. नवऱ्याने वरून खिडकीतून पाहिलं: दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या, समोरच्या काचेतून कुठंच न जाणारा रस्ता बघत.

दुसऱ्या आठवड्यात कुणीच नाही. पासिंग जवळ येत होतं. तो दिवसातून दहादा फोन उघडून जाहिरात बघू लागला आणि बघता बघता त्याच्यातली कात्री जागी झाली. चार शब्द! भीती आहे म्हटल्यावर ‘वाटते’ कशाला? भीती वाटतेच, ती काय उगवते? गाडी, शिकायची... आता लेकीला काय सांगावं, शब्द म्हणजे पैसा हे तिच्या बापाने तिच्या जन्माआधी ओळखलं होतं. आणि वर त्या चार शब्दांना अवतरणचिन्हं. अवतरणं म्हणजे नुसता तोरा, छापताना जागा खाणारी चिन्हं. त्याने ती आधी काढली. मग गाडी काढली, शिकायची काढलं, वाटते काढलं. उरला एक शब्द. तो त्याला शोधावा लागला नाही. इतकी वर्षं तो आत होताच.

हात फिरलाच आहे म्हणून त्याने जाहिरातीचा मजकूरही नीट केला. लेकीने लिहिलं होतं: ‘गाडी चालवायची भीती वाटते? अनुभवी शिक्षिका सावकाश शिकवतील.’ पेन्सिल नव्हती, पण पेन्सिलीचं सुख होतं. काम संपलं तेव्हा मजकूर असा होता: ‘भीती वाटते? बाई आहेत.’

त्याने तो दोनदा मोठ्याने वाचला. आपल्या उभ्या नोकरीत याहून चांगली जाहिरात आपण केली नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॅशियरबाईला घेऊन रस्त्यावर गेली आणि फोन वाजला.

“बाई आहेत का?” पुरुषाचा आवाज, दबका.

“बाई गाडीवर आहेत. बोला, मी त्यांचा नवरा.”

“त्यांना पाठवता का? पाल आहे.”

“पाल? गाडीत?”

“गाडीत कशाला असेल? बाथरूममध्ये आहे. बायको आत अडकलीय. ती बाहेर येत नाही आणि मी आत जात नाही.”

त्याने फोन ठेवला. चुकून लागला असेल, असं म्हणतोय तोवर पुन्हा वाजला. एका ऑफिसातला माणूस होता, वरच्या मजल्यावर काम करणारा, रोज जिन्याने चढणारा. तुम्ही लिफ्टचंही शिकवता का, विचारत होता. मग एक मुलगी: उद्या गणिताचा पेपर, काहीही करा. मग एक बाई, जिला अंधाराची नाही, अंधार पडणार या विचाराची भीती वाटत होती. मग एकाने नुसतंच विचारलं, “बाई आहेत?” आणि आहेत म्हटल्यावर हायसं वाटून फोन ठेवून दिला.

शेवटचा फोन म्हाताऱ्या आवाजाचा होता.

“तुम्हाला कशाची भीती वाटते?” एव्हाना त्याला विचारायची सवय झाली होती.

“ते सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

उत्तर आलं नाही. नुसता श्वास येत होता. त्याने बराच वेळ फोन कानाला लावून ठेवला. पलीकडच्यानेही ठेवला नाही. दोघेही जणू उभ्या गाडीत बसले होते. मग कुठे तरी दाराची घंटा वाजली आणि लाइन तुटली.

दहा वाजायच्या आत जाहिरात झोपली. दिवसाचे पैसे संपले होते. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, चला, शब्द पोचतोय तर खरा. तिसऱ्या दिवशी भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. त्या दिवशी ती घरात होती. फोन वाजला आणि तिनेच घेतला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता.

“हो... हो... कधी आहे ऑपरेशन?... कुणाचं, मुलाचं?... बरं. मग?... नाही, मी डॉक्टर नाही हो, मी गाडी शिकवते... असू दे, बोला तुम्ही.”

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. तिचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता.

“अहो, हे काय आहे?”

त्याने सांगितलं. सांगताना त्याने एकही शब्द वाचवला नाही, कारण वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग लेकीला फोन लावला. लेकीने पलीकडून खातं उघडलं.

“बाबा, लोकांनी काय काय लिहून शोधलं ते मला इथं दिसतंय. वाचू? पालीची भीती. उंचीची भीती. सासूची भीती वाटते काय करू. भीतीचे प्रकार किती. बाबा, नुसता ‘भीती’ शब्द टाकलात? आणि अवतरणं का काढलीत?”

“जागा खात होती.”

“अहो, ती कुंपण होती! अवतरणात घातलं की तेवढंच वाक्य धरायचं, असं त्या यंत्राला कळतं. ती काढली की ते आजूबाजूचं वाट्टेल ते गोळा करतं.”

“पण शब्द कमी म्हणजे पैसे कमी...”

“ते तुमच्या पेपरात. तिथं शब्द पैसे खायचे. इथं शब्द फुकट आहेत. इथं ते राखण करतात. जेवढे जास्त, तेवढा नको तो माणूस दाराबाहेर.”

एखाददुसऱ्या फोनच्या हिशेबाने सैल ठेवलेली रोजची मर्यादा तिन्ही दिवस पुरती भरली होती आणि महिनाभर पुरवायचे पैसे तीन दिवसांत गेले होते, हे कुणी त्याला सांगायची गरज नव्हती. बायकोने फोन त्याच्या हातून घेतला. “रागावू नकोस त्यांना. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं.” आणि मग, हसू दाबत: “आणि जाहिरात फार छान आहे गं. मलासुद्धा फोन करावासा वाटला असता.”

त्या दुपारी ती दोघं फोन मध्ये ठेवून बसली. लेकीने सांगितलं होतं की नको असलेले शब्दही देता येतात. ते आले की जाहिरात दाखवायची नाही, असं बजावून ठेवायचं. तो एकेक शब्द लिहू लागला: पाल, लिफ्ट, परीक्षा, अंधार, ऑपरेशन, सासू. एकेका शब्दाबरोबर एकेका आवाजाच्या तोंडावर दार लागत होतं. काम बरोबर होतं आणि त्याला ते आवडत नव्हतं. मग त्याला तो म्हातारा आठवला. त्याला अडवता येईल असा शब्दच नव्हता. त्याला आत घेता येईल असाही नव्हता.

“या सगळ्यांत एकही जण खोटं बोलत नव्हता,” ती म्हणाली. “माझ्याकडे येतात ते पहिल्या दिवशी खोटं बोलतात. वेळच मिळाला नाही, डोळ्यांचा नंबर वाढला, गाडीच मोठी आहे. खरं बोलतात ते उभ्या गाडीत, बसून बसून.”

“काय बोलतात?”

“काय म्हणजे? वेगवेगळं.”

“तसंच सांग. जसं म्हणतात तसं.”

तिने सांगितलं आणि तो लिहीत गेला. लायसन्स आहे पण गाडी चालवता येत नाही. मागच्याने हॉर्न वाजवला की गाडी बंद पडते. अपघातानंतर पुन्हा गाडी चालवायची आहे पण हात उचलत नाही.

“नवरा शेजारी बसला की चुका होतात.”

“हे कुणी म्हटलं?”

“सगळ्या म्हणतात.”

“सगळ्या?”

“लिहा ना! काय लांबलंय का जास्त?”

लांबलं होतं. त्याने ते तसंच लिहिलं. प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना अवतरणं लावताना त्याला ती विधवा बाई आठवली आणि तिचा कागद. कापल्यावर तो कुणाचाही नवरा झाला होता. इतकी वर्षं आपण लोकांचे पैसे वाचवत होतो की माणसं पुसत होतो, हे त्याला ठरवता येईना. जाहिरातीत त्याने गाडी परत आणली, शिक्षिका परत आणली आणि वर एक ओळ घातली: पहिल्या दिवशी गाडी हलवत नाही.

मग फोन शांत झाला. उरलेले थोडे पैसे आता मुंगीच्या पावलांनी जात होते, कारण इतकं लांबलचक दुःख लिहून शोधणारे फार थोडे. पण ज्याने बोट टेकवलं तो बहुधा यायचाच. एक जण आला, त्याच्या मागे दुसरी आली. एक बेकरीवाला होता, अपघातानंतर चार वर्षं बायकोच्या मागे बसून फिरणारा. एक गॅरेजवाल्याची बायको होती. “घरी कळता कामा नये हं,” ती म्हणाली, “नवरा जगाच्या गाड्या दुरुस्त करतो आणि मी अजून पहिल्या गिअरवर, लोक काय म्हणतील!”

पासिंगच्या आदल्या आठवड्यात हिशेब असा होता: आलेल्या फीतून टायर आणि ब्रेक होतील. पण मग जाहिरातीला काही उरणार नाही. पुढचे दोन महिने ती बंद ठेवावी लागेल आणि आहेत ते चार जण शिकून गेले की पुन्हा रिकामी गाडी. म्हणजे अजूनही काही ठरलं नव्हतं.

आणि त्या सकाळी मालक स्वतः जिना चढून आला.

तो खुर्चीवर बसला, खोलीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, चहा घेतला. बाईंची तब्येत विचारली, तिच्या नवऱ्याला काका म्हणत त्याचीही विचारली.

“ताकाला येऊन भांडं लपवू नका,” ती म्हणाली. “काय काम काढलंत?”

“बाई, तुमची जाहिरात बघितली होती मी. ‘भीती वाटते? बाई आहेत.’ मला फार आवडली.” तो जरा चुळबुळला. “म्हणून आम्हीपण तो शब्द लावला. नुसता भीती. चांगले पैसे लावून.”

नवऱ्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

“मग?” तिने विचारलं.

“मग काय, माणसं पालीसाठी फोन करतात हो! काउंटरवरची मुलगी रडते. एक म्हातारा रोज फोन करतो आणि बोलत नाही.”

“त्याला काय सांगता?” नवऱ्याने एकदम विचारलं.

“कट करतो. दुसरं काय करणार?” मालकाने कप खाली ठेवला. “ते जाऊ द्या. मुद्दा असा की घाबरणारी गिऱ्हाइकं खरंच आहेत, हे मला कळलंय. मी त्यांची वेगळी बॅच काढतोय. आणि ती तुमच्याशिवाय कुणी घेऊ शकत नाही, हेही कळलंय. काउंटर नको. शिकवायलाच या. पगार वाढवून. तुमची गाडी मी घेतो, पासिंग माझं, टायर माझे, जाहिरात माझी. तुम्ही फक्त शेजारी बसायचं.” त्याने खिशातून चेक काढून टेबलावर ठेवला. “गाडीची किंमत. कागद आहेत ना हाताशी?”

कागद कपाटात होते. ती उठली आणि कागद घेऊन आली.

“पहिल्या दिवशी?” तिने विचारलं.

“पहिल्या दिवशी काय?”

“गाडी हलवायची?”

“म्हणजे काय, बाई. पैसे भरून आलेला माणूस नुसता बसून कसा जाईल? एक चक्कर तरी मारायचीच. बॅच आहे, वेळ ठरलेली असते. एवढं एक सोडलं तर सगळं तुमच्या मनासारखं.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही काय म्हणता?”

इतक्या वर्षांच्या संसारात असल्या प्रश्नाला त्याने नेहमी एक शब्द दिला होता. हो. नको. बघ. आत्ताही एक शब्द जिभेवर तयार होता. त्याने तो गिळला.

“मला असं वाटतं की तू जावंस,” तो म्हणाला, “कारण दोन महिन्यांनी काय होईल ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याची मला भीती वाटते, ती तू आल्यापासून वाटते आणि तू येण्याआधीही वाटायची. आणि मला असंही वाटतं की तू जाऊ नयेस, कारण मी वरून खिडकीतून बघतो ना, ती माणसं गाडीत नुसती बसलेली असतात, तेव्हा मला वाटतं की आपल्यालाही कुणीतरी असं बसवायला हवं होतं. आता यातलं काय कापायचं ते मला कळत नाही.”

मालक एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. “म्हणजे... काका हो म्हणाले का नाही म्हणाले?”

खाली कुणीतरी आलं होतं. गाडीच्या दाराशी एक मध्यमवयीन माणूस उभा होता, अंगाला घट्ट चिकटलेले हात, पहिलाच दिवस असणार. तो गाडीला हात न लावता तिच्यात वाकून बघत होता.

तिने नवऱ्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. मग गाडीचे कागद नीट जुळवून कपाटात परत ठेवले आणि कपाटाचं दार दाबून बंद केलं. टेबलावरचा चेक उचलला, मालकाच्या समोर सरकवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर त्याचाच रिकामा कप ठेवला. दाराशी जाऊन चपला घातल्या, एका हाताने भिंतीचा आधार घेत.

“बाई, अहो, काहीतरी बोला तर,” मालक म्हणाला.

ती गाडीची किल्ली खिशात टाकून जिना उतरून गेली.